उसाचे शास्त्र माळाला लावू नका



आपल्या या अंकात लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याचे व्यवस्थापन आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर आम्ही नेहमी लिहितो. या वेळी पाटाचे पाणी जिथे चढत नाही त्या माळाविषयी लिहावयाचे आहे. कारण असे की, कार्यक्षेत्रातील वरच्या पट्ट्यात गायरानाचे करायचे काय, यावर ग्रामसभा तापू लागल्या आहेत. कोणी म्हणतो झाडे लावा, कोणी म्हणतो नांगरून वाटून टाका, कोणी म्हणतो कुंपण घालून पाच-सात वर्षे बंद ठेवा. आणि हे भांडण मिटायच्या आत फाल्गुन-चैत्रात कोणीतरी काडी लावून मोकळा होतो. विळा घेऊन वेळेवर गवत कापावे आणि उचलून घरी न्यावे, हे साधे म्हणणे मात्र कोणी मांडत नाही. ते आम्ही मांडतो.

ऊस विकास विभागाने गवतावर बोलावे याचे काही सभासदांना नवल वाटेल. पण ऊस हे गवतच आहे. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा संकर कशाशी केला? नदीकाठी आपोआप वाढणाऱ्या, तुऱ्याच्या, बारीक काडीच्या एका रानगवताशी. सॅकरम स्पॉन्टेनियम हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यातून को २०५ ही जात निघाली. आज आपल्या रानात उभ्या असलेल्या को ८६०३२ मध्येही त्याच रानगवताचे रक्त आहे. ज्याला पूर्वी कोणी पेंढीचीही किंमत दिली नसती, त्या गवताने आपल्या उसाला काटकपणा दिला. म्हणून जे गवत आपल्याला ओळखता येत नाही, ते निरुपयोगी आहे असे म्हणायची घाई करू नये.

माळ पडीक नसतो

सातबाऱ्यावर 'पडीक' किंवा 'पोटखराबा' हा शब्द वाचून वाचून आपली नजरच तशी झाली आहे. भीमा, नीरा, सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील आपला माळ हा कधी काळी जंगल होता आणि तोडून उजाड झाला, अशीही एक समजूत आहे. सगळीकडे ती खरी नाही. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम, अशा जागी निसर्ग स्वतःहून गवतच वाढवतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७३ साली देशातील गवताळ प्रदेशांची पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत देशाचे पाच मोठे गट पाडलेले आहेत. आपले दख्खनचे पठार त्यांतील 'सेहिमा-डायकॅन्थियम' गटात येते. ही नावे अवघड वाटली तरी गवते आपल्या ओळखीची आहेत. सेहिमा म्हणजे पवना, शेडा ही मंडळी आणि डायकॅन्थियम म्हणजे आपला मारवेल.

चांगला राखलेला माळ भाद्रपदात गुडघे टेकून बघावा. पवना, मारवेल, डोंगरी ही ठोंबाची गवते दिसतात. त्यांच्या मधल्या जागेत शंखपुष्पीची निळी फुले, रानमूग, रानातली बारीक शेंगवर्गीय वेल, मुसळी, रानकांदा, कुर्डू, भुईआवळा, अशी कितीतरी झाडे सापडतात. याच बारीकसारीक झाडांवर आमचा भर आहे. शेंगवर्गीय झाडे मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देतात आणि वैरणीत प्रथिने घालतात. पाऊस लवकर आला तर एक जात साधते, उशिरा आला तर दुसरी. दुष्काळी सालात दहा जातींपैकी चार तरी तग धरतात. एकाच जातीचा माळ असेल तर त्या वर्षी सगळाच बसतो. शिवाय फुले आली की मधमाश्या आल्या, आणि खालच्या शिवारातील डाळिंब, सूर्यफूल, बियाण्याचा कांदा यांना त्या लागतातच.

पाचटाचा नियम माळावर उलटा

"साहेब, तुम्हीच सांगता पाचट जाळू नका, रानातच कुजवा. मग माळाचं गवत उचला कशाला म्हणता?" असे आम्हाला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि या लेखाचा गाभाही तोच आहे.

उसाच्या रानात आपल्याला एकच पीक हवे असते आणि ते जोरात हवे असते. म्हणून पाचट कुजवतो, प्रेसमड टाकतो, युरिया देतो. माळावर आपल्याला अनेक जाती एकत्र नांदवायच्या आहेत. तिथे खत वाढले की दोन-चार दांडगी गवते उंच होतात आणि बुटक्या झाडांचा उजेड खातात. बारकी झाडे उपाशी मरत नाहीत, ती सावलीने मरतात.

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. इंग्लंडमध्ये रॉदमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली एका गवती कुरणाचे तुकडे पाडले. काहींना खत दिले, काहींना दिले नाही. सगळ्या तुकड्यांतील गवत दरवर्षी कापून उचलून नेले. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना खत दिलेच नाही तिथे चाळीसच्या आसपास जाती टिकून राहिल्या. अमोनियम सल्फेट भरपूर मिळालेल्या आणि त्यामुळे आम्ल झालेल्या तुकड्यांत दोन-तीनच जाती उरल्या. त्यांची हवा वेगळी, पाऊस वेगळा, गवतेही वेगळी. त्यामुळे तिथले आकडे आपण इथे लावायचे नाहीत. पण नियम ध्यानात घ्यावा की, कुरण समृद्ध ठेवायचे असेल तर त्याला खाऊ घालू नये.

कापलेले गवत माळावर तसेच टाकले तर दोन तोटे होतात. त्याची जाड गादी बसते आणि पुढच्या पावसात बारक्या बियांना उजेड मिळत नाही. शिवाय वाळलेले गवत उन्हाळ्यातल्या वणव्याला सरपण होते. म्हणून कापणे हे निम्मे काम आणि उचलणे हे उरलेले निम्मे काम समजावे. याच कारणाने प्रेसमडची किंवा उकिरड्याची ट्रॉली वाट वाकडी करून गायरानावर रिकामी करू नये. ते खत उसाला सोने आहे आणि माळाला घातक आहे.

दुसरा नियमही उलटा आहे. खोडवा चांगला यावा म्हणून ऊस जमिनीलगत तोडा, बुडखा वर ठेवू नका, असे आम्ही कानीकपाळी ओरडून सांगतो. उसाचे पुढचे फुटवे जमिनीखालच्या डोळ्यांतून येतात. माळाच्या ठोंबाच्या गवताचे तसे नाही. त्याचे फुटवे आणि त्याची शिदोरी बरीचशी बुडख्याशी, जमिनीच्या वर असते. विळा किंवा ब्रश कटर जमिनीला घासून चालवला तर ठोंब बोडका होतो आणि उन्हाने वाळतो. म्हणून निदान एक मूठ, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर बुडखा राखावा. त्या उंचीखाली असलेली बुटकी झाडेही मग वाचतात.

काडी लावण्याची सवय

माळ पेटवला की नवे गवत कोवळे येते, ही समजूत आपल्याकडे पिढीजात आहे. कोवळे येते हे खरे. पण कोणते येते ते बघावे. दरवर्षी जळणाऱ्या माळावर कुसळी माजते. तिच्या बियांना लांब पिळदार कुसळ असते. ओल लागली की ते उलगडते, वाळले की पुन्हा पीळ भरते, आणि अशा फिरण्याने बी स्क्रूसारखे मातीत शिरते. वर वणवा जातो, खाली बी सुखरूप राहते. ज्या जातींचे बी वरच पडून राहते त्यांना ही सोय नाही. पुढे हीच कुसळे मेंढराच्या तोंडात आणि लोकरीत शिरतात, तेव्हा धनगर बांधवांना विचारावे की त्या जाळण्यात फायदा कोणाचा झाला.

याउलट, माळ पूर्ण बंद करून हात न लावणे हेही औषध नव्हे. दोन-तीन वर्षे कापणीही नाही आणि चराईही नाही, असे झाले की जुन्या वाळक्या काड्यांचा थर साचतो, ठोंब आतून मरू लागतात आणि मधल्या जागेत वेडी बाभूळ व घाणेरी पाय रोवतात. माळाला दात किंवा विळा लागतोच. तो केव्हा आणि किती, एवढाच प्रश्न आहे.

कधी कापावे?

इथे दोन खरी मते आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. वैरणीच्या दृष्टीने गवत फुलोऱ्यात कापावे. त्या वेळी त्यात प्रथिने भरपूर असतात, जनावर आवडीने खाते. बी पडल्यावर कापले तर काडी निबर होते. पण दरवर्षी सगळा माळ फुलोऱ्यातच कापला तर बी कधी पडणार? ठोंबाचे आयुष्य काही वर्षांचे. जुने गेले की जागा घ्यायला नवे रोप नाही, अशी पाळी येते. आपल्या बऱ्याच गायरानांवर मारवेल-पवना हरवण्यामागे अति चराई आहेच, पण ही घाईची कापणीही आहे.

आमचे मत असे की माळाचे तीन भाग करावेत.

पहिला भाग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कापावा. यासाठी कुसळी माजलेला तुकडा आधी निवडावा. कुसळ पिकण्यापूर्वी कापलेली कुसळी ही चालण्याजोगी वैरण असते, आणि तिचे बीही त्या वर्षी पडत नाही. एका दगडात दोन पक्षी.

दुसरा भाग नोव्हेंबरच्या मध्यानंतर कापावा. पवना, मारवेल, डोंगरी आणि मधली फुलझाडे यांचे बी तोवर पडून गेलेले असते. वैरण थोडी निबर मिळेल, पण कुट्टी करून हिरव्याबरोबर दिली तर जनावर खाते.

तिसरा भाग त्या वर्षी कापूच नये. फक्त वाटेच्या आणि रस्त्याच्या कडेने चार-पाच मीटरचा पट्टा साफ कापून जाळरेषा करावी. दुसऱ्या वर्षी भाग बदलावेत. म्हणजे तीन वर्षांत प्रत्येक तुकड्याला एकदा लवकर, एकदा उशिरा आणि एकदा विश्रांती अशी पाळी मिळते. कुसळीच्या तुकड्याला मात्र पहिली दोन-तीन वर्षे सलग लवकर कापणी द्यायला हरकत नाही.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून कापणीपर्यंत, माळावर जनावर सोडू नये. चंडोल, लावा, तित्तर यांची घरटी याच दिवसांत गवतात जमिनीवर असतात. आपल्या शेजारी नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तो पक्षी तिथे दिसणे मुश्कील झाले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण गवताचे सलग रान तुटत गेले हे त्यांतील मोठे कारण आहे.

वैरणीचे गणित

"फुलं-पाखरं ठीक आहेत, पण माझ्या गोठ्याला काय?" हा प्रश्न सभासदाने विचारलाच पाहिजे.

हंगामात आपण वाढ्यांवर जनावरे काढतो. वाढी फुकटच्या भावात मिळतात म्हणून चार-चार महिने दुसरे काही घालत नाही. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते अंगातील कॅल्शियम अडवते. दुधाळ जनावर खंगते, आणि मग डॉक्टरांचे बिल वाढ्यांच्या किमतीपेक्षा मोठे होते. वाढ्यांबरोबर माळाचे वाळलेले मिश्र गवत आणि कडबा घातला, चुन्याची निवळी दिली, तर हे टळते. दुसरे असे की, कारखान्याचा भोंगा बंद झाला की वाढीही बंद. एप्रिल ते जून हे तीन महिने आपल्या गोठ्याचे सर्वांत वाईट. नोव्हेंबरात कापून रचलेली गंजी त्या वेळी कामाला येते. पेटवलेल्या माळाची राख कामाला येत नाही.

कापणीला मजूर कुठून आणायचे? जुनी पद्धत आहे, निम्म्या वाट्याने कापायला द्यावे. ज्याला जमीन नाही पण दोन शेळ्या-एक गाय आहे, त्याला घरी वैरण मिळते आणि पंचायतीला रोख पैसा काढावा लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या आसपास चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली आणि गवत विळ्याने कापून नेण्याची रीत बसवली. त्यांचा हेतू पाणी आणि वैरण हा होता, आणि तो साधला. त्याच विळ्याला वेळापत्रक दिले तर जातीही राखल्या जातात, एवढीच भर आम्ही घालतो.

झाडे लावणाऱ्यांना आणि लिलाव करणाऱ्यांना

झाडांना आमचा विरोध नाही. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले होते. हेतू उत्तमच. पण खड्डे खणायला मोकळी जागा कोणती, तर माळ, असा हिशेब होऊ नये. मुरमात गिरीपुष्प लावून गवताचे ठोंब उखडले तर हाती काय उरते याचा विचार व्हावा. झाडे ओढ्याकाठी, शाळेभोवती, रस्त्याकडेला, बांधाच्या कोपऱ्यावर भरपूर लावावीत. माळावर बोर, हिवर अशी आपण होऊन आलेली झाडे विरळ असतील ती राहू द्यावीत.

जी गावे गायरानाच्या गवताचा लिलाव करतात त्यांना आमची विशेष विनंती आहे. आज लिलावाच्या कागदात रक्कम असते, मुदत असते, बाकी काही नसते. मग घेणारा येतो, सोयीने कापतो, जमिनीलगत कापतो, आणि उरलेले पेटवून जातो. त्या कागदात पाच ओळी घाला: कोणता तुकडा कोणत्या तारखेनंतर कापायचा, मूठभर बुडखा ठेवायचा, कापलेले सगळे उचलायचे, तिसरा तुकडा सोडायचा, काडी लावली तर अनामत जप्त. लिलावाची बोली थोडी कमी येईल हे आम्ही जाणून आहोत. पण गाय विकून दूध आणू नये.

आणि मेंढपाळांना वगळून यातले काहीही टिकणार नाही. पावसाळ्यात मेंढरे कुठे न्यायची हा त्यांचा पोटाचा सवाल आहे. ग्रामसभेत त्यांना समोर बसवून, कापणीनंतर डिसेंबर ते मार्च कोणते तुकडे चराईला खुले राहतील आणि पावसाळ्यात कोणता एखादा कोपरा त्यांच्यासाठी सोडायचा, हे लेखी ठरवावे. गायरान त्यांचेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले, ते अशा जमिनी सगळ्या गावाच्या आहेत म्हणूनच. ऊस आहे त्याचे वजन ग्रामसभेत जास्त असते, हे आपण सगळे जाणतो. ते वजन या कामी वापरले तर शोभेल.

सुरुवात आपल्या बांधापासून

गायरानाचा निर्णय ग्रामसभेचा, पण बांध तर आपला आहे. हल्ली बांधावर सर्रास तणनाशक मारले जाते. टू-फोर-डी ने रुंद पानांची झाडे जातात, ग्लायफोसेटने गवतही जाते. बांध उघडा पडतो, पहिल्या वळवाने माती वाहते, आणि त्या मोकळ्या जागेवर सर्वांत आधी कोण येते? गाजर गवत. मग त्यासाठी पुन्हा फवारणी. हे दुष्टचक्र विळ्याने तुटते. गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, बाकीचे गवत वर्षातून एकदा-दोनदा मूठभर राखून कापा आणि गोठ्यात न्या. ज्यांच्या बांधावर मारवेल उरलेलाच नाही त्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या सुधारित मारवेलाची ठोंबे आणून लावावीत. पण ती बांधावर. माळावर जे मूळचे आहे तेच कापणीने वाढू द्यावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केले आहे. त्यासाठी सभा, फलक, भाषणे होतील. आपल्या गावाने एका गायरानाचे तीन तुकडे आखून, कोपऱ्यांवर चुना मारलेले दगड रोवले आणि ग्रामसभेत कापणीच्या तारखा लिहून घेतल्या, तरी त्या वर्षाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. आखणीसाठी आणि गवते ओळखण्यासाठी ज्या गावांना मदत हवी असेल, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पहिल्या कापणीच्या दिवसांतच, आमचे कर्मचारी येऊन जातील.

— ऊस विकास अधिकारी